तीरकमठा करताना

धनुष्य म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे राम उभा राहतो, अर्जुन उभा राहतो; नाहीतर दूरदर्शनच्या मालिकांमधली सोनेरी मुलाम्याची ती भलीमोठी धनुष्यं तरी आठवतात. आज मी ज्या धनुष्याविषयी बोलणार आहे, त्याला मुलामा वगैरे काही नाही. साडेचार फूट बांबू, दहा-बारा हात सुतळी, एक कोयता, एक चाकू आणि दोन दिवसांची सवड एवढ्या भांडवलावर ते तयार होतं. आपण त्याला तीरकमठा म्हणतो. सातपुड्यातले भिल्ल आणि पावरा बांधव कामठा म्हणतात. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारात कामठा घेऊन ढोलाच्या तालावर नाचणारी माणसं ज्यांनी पाहिली असतील, त्यांना मी कशाविषयी बोलतोय ते लगेच कळेल.

शब्दही मजेशीर आहे. 'तीर' फारसीतून आला. 'कमठा' आपल्या कामटीशी, बांबूशी नातं सांगणारा. दोघे मिळून एक शब्द झाला आणि शेकडो वर्षं तो मराठी मुलांच्या खेळात सुखानं नांदतो आहे. त्यातला अर्धा कुठला आणि अर्धा कुठला, हे विचारायला कुणी थांबलं नाही.

मी कवी माणूस. बी.ए. झालो, मराठीत कविता लिहू लागलो. पण मूळचा पिंजाऱ्याच्या घरातला. आमच्या घरात एक मोठं धनुष्य होतं, त्याला पिंजण म्हणतात. माणसाच्या उंचीचा लाकडी दांडा, त्याला ताणून बांधलेली तांत आणि ती छेडायला डमरूच्या आकाराचा लाकडी ठोकळा. अब्बा कापसाच्या ढिगाशी बसून तांतीवर ठोकळा मारत आणि सरकी काढलेला, गाठाळलेला कापूस ढगासारखा फुलून येई. ते पिंजण काही वाकत नसे, त्याचं सगळं काम तांतीच्या थरथरण्यावर. दिवाळी सरली, थंडी पडू लागली की गल्लीगल्लीत तो 'ठंय्य-ठुंग' आवाज घुमायचा. पुढे यंत्रं आली आणि पिंजण भिंतीला टांगलं गेलं. धनुष्य म्हणजे हत्यार, असं कुणी म्हटलं की मला आधी ते पिंजण आठवतं. त्या धनुष्यानं साऱ्या गावाला पांघरूण दिलं.

गेली काही वर्षं उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांच्या शिबिरांत मला कवितेवर बोलायला बोलावतात. मुलांना कविता दोन तास पुरते, शिबिर असतं पाच दिवसांचं. मग उरलेल्या वेळात आम्ही तीरकमठे करतो.

पहिली गोष्ट बांबूची. कोवळा बांबू चालत नाही. तीन वर्षांचा, जून झालेला, जाड भिंतीचा हवा. आपल्याकडचा मानवेल यासाठी उत्तम. पावसाळा संपल्यावर, थंडीत तोडावा आणि महिनाभर सावलीत वाळू द्यावा. ओला बांबू वाकवला की तसाच वाकून राहतो, परत सरळ व्हायचं नाव घेत नाही. बांबू हे झाड नव्हे, गवत आहे, हे ऐकलं की मुलांना फार गंमत वाटते. २०१७ साली कायद्यात दुरुस्ती होईपर्यंत आपल्या शेताच्या बांधावरचा बांबूसुद्धा कायद्याच्या नजरेत झाडच होता. "म्हणजे आपण गवताचं धनुष्य करतोय?" एका मुलीनं विचारलं. हो, गवताचंच.

दहा-बारा वर्षांच्या मुलासाठी साडेचार फूट लांबीचा तुकडा पुरतो. तो निवडताना पेरांच्या गाठी मोजायच्या. मधोमध मूठ धरल्यावर दोन्ही बाजूंना गाठी सारख्या अंतरावर आल्या, तर निम्मं काम झालं म्हणून समजा. मग फोडणं. बुरूड कारागिराला बांबू फोडताना कधी निरखून पाहा. कोयता टोकाला टेकवून वरून लाकडानं टोला दिला की चीर धावत सुटते. धावता धावता ती एका बाजूला सरकू लागली, तर तो जाड बाजू जास्त वाकवतो आणि चीर निमूट मध्यावर येते. या कामात अंगापेक्षा डोळे जास्त दमतात. शिबिरात फोडायचं काम आम्ही मोठीच माणसं करतो. मुलांच्या हाती दीड इंच रुंदीची पट्टी येते.

आता या पट्टीला पाठ असते आणि पोट असतं. हिरव्या सालीची बाजू म्हणजे पाठ, आतली पांढरी बाजू म्हणजे पोट. बांबूचे सगळ्यात चिवट धागे सालीलगत दाटीनं असतात. धनुष्य वाकतं तेव्हा पाठ ताणली जाते आणि पोट दबलं जातं. म्हणून पाठ समोर, निशाणाकडे ठेवायची आणि तिला चाकू लागू द्यायचा नाही. तिच्यावर नखाएवढी चीर पडली तरी धनुष्य नेमकं तिथेच मोडतं. तासायचं ते पोट. मधली चार बोटं, म्हणजे मुठीची जागा, जाड राखायची आणि तिथून दोन्ही टोकांकडे पट्टी हळूहळू पातळ आणि निमुळती करत न्यायची. टोकं अर्ध्या इंचाची झाली की बस्स. टोकांपासून बोटभर आत, दोन्ही कडांना दोरीसाठी तिरप्या खाचा घ्यायच्या. शेवटी पॉलिश पेपरनं कडा गोल करायच्या, नाहीतर कुसळं हातात जातात.

खरं काम यानंतर सुरू होतं. खाचांमध्ये एक सैलशी दोरी अडकवायची, मुठीची जागा भिंतीतल्या खुंटीवर टेकवायची, दोरी हलकेच खाली ओढायची आणि पाच पावलं मागे उभं राहून कुणीतरी बघायचं. दोन्ही भुजा सारख्या वाकल्या पाहिजेत, द्वितीयेच्या चंद्रकोरीसारख्या. पहिल्या खेपेला तशा त्या कधीच वाकत नाहीत. एक भुजा ताठ बसून असते, दुसरी मधेच कोपरासारखी मुडपते.

इथे जवळजवळ प्रत्येक मूल एकच गोष्ट करायला जातं. पट्टी जिथे छान वाकते, तिथेच चाकू चालवतं. कारण तिथे काम सोपं आणि फळ लगेच दिसतं. होतं काय, वाकणारा भाग आणखी पातळ होतो, सगळा ताण तिथेच गोळा होतो आणि चौथ्या-पाचव्या ओढीला काडकन मोडतो. नियम याच्या अगदी उलट आहे. जो भाग वाकतो आहे, त्याला हात लावायचा नाही. जो ताठ बसून राहिला आहे, तो कोळशानं खुणावून घ्यायचा आणि तासायचं ते त्यालाच. चार हात चाकू फिरवायचा, वीस-पंचवीस वेळा दोरी ओढून बांबूला नव्या वळणाची सवय करून द्यायची, मग पुन्हा मागे सरून बघायचं. पुन्हा चार हात, पुन्हा वीस ओढी. यात अर्धा दिवस सहज जातो.

श्रोतेहो, मला स्वतःला तीरकमठ्यानं दिलेलं शहाणपण एवढंच आहे. घरात, कचेरीत, गावात आपण नेमकं मुलांसारखं वागतो. जो ऐकून घेतो, त्यालाच आणखी ऐकवतो. जी सून वाकते, तिलाच आणखी वाकायला सांगतो. जे समाज आधीच कमरेत मोडून आलेले असतात, त्यांनाच आणखी समजूतदारपणाचा उपदेश करतो. ताठ बसलेल्याला हात लावायचं धाडस होत नाही, कारण तिथे चाकू घसरतो आणि मेहनत पडते. मग एक दिवस आवाज येतो आणि आपण म्हणतो, बांबूच वाईट निघाला.

आता दोरी. सातपुड्यातला कामठा पाहिलात तर त्याची दोरीसुद्धा बऱ्याचदा बांबूचीच असते, लांबलचक सोललेली चिवट पट्टी. आपल्याला ते साधणं कठीण. आपण सुतळीचे तीन पेड घट्ट पिळून त्यावर मेण चोळावं. घायपाताचा वाख मिळाला तर आणखी चांगलं. नायलॉनची दोरी ताणते, म्हणून ती नको. एका टोकाला कायमचा फास आणि दुसऱ्या टोकाला सैल-घट्ट करता येईल अशी वेढ्यांची गाठ. दोरी धनुष्यापेक्षा आखूड असते, म्हणून तर ते वाकतं. किती आखूड? दोरी चढवल्यावर मुठीच्या जागेपासून दोरीपर्यंत आपली बंद मूठ आणि त्यावर उभा धरलेला अंगठा मावला पाहिजे. मोजपट्टी नको, ज्याचं धनुष्य त्याचीच मूठ.

या दोरीला संस्कृतात 'गुण' असं एक नाव आहे. 'ज्या' आणि 'जीवा' ही आणखी दोन. शाळेत भूमितीच्या तासाला आपण वर्तुळाची जीवा काढली, त्रिज्या काढली; ती हीच, धनुष्याची दोरी. आर्यभटानं या ज्यांचं कोष्टक दिलं. ही जीवा पुढे अरबी पंडितांकडे गेली, तिथे तिचं 'जीबा' झालं. अरबी लिहिताना ऱ्हस्व स्वर गाळतात, त्यामुळे पुढच्यांनी ते 'जैब' असं वाचलं. जैब म्हणजे वस्त्राची घडी; हिंदी-उर्दूतला जेब, म्हणजे खिसा, त्याच घरातला. बाराव्या शतकात लॅटिनमध्ये भाषांतर करणाऱ्यांनी त्या अर्थाचा 'सायनस' शब्द घेतला आणि आज आपली मुलं दहावीला 'साइन थीटा' शिकतात. धनुष्याची एक दोरी संस्कृतातून अरबीत, अरबीतून लॅटिनमध्ये आणि तिथून परत आपल्या वहीत आली. मुलांना हे सांगितलं की गणिताची भीती थोडी कमी होते असा माझा अनुभव आहे.

बाणांसाठी बांबूच्याच सरळ कामट्या गोल तासाव्यात, पेन्सिलीएवढ्या जाड. किंवा बोरू घ्यावा. होय, पूर्वी ज्याची लेखणी करत तोच बोरू. संस्कृतात 'शर' म्हणजे वेतासारखं गवत आणि शर म्हणजे बाणही. एकाच काडीला टोक काढून लिहिता येतं आणि सोडताही येतं. आमच्या धंद्यातल्या माणसानं हे विसरू नये. काडी वाकडी असेल तर निखाऱ्यावर कोमट करून हातानं सरळ होते. लांबी किती, तर दोन्ही हात समोर पसरून बाण छातीला टेकवायचा. बोटांच्या टोकांपुढे थोडा गेला की पुरे. मागच्या टोकाला दोरीत बसेल अशी खाच आणि ती फाटू नये म्हणून खाली दोऱ्याचे घट्ट वेढे. कोंबडीची तीन अर्धी पिसं सारख्या अंतरावर बांधायची. तिन्ही एकाच बाजूच्या पंखाची, म्हणजे त्यांचा बाक एकसारखा येतो आणि बाण स्वतःभोवती फिरत सरळ जातो. पुढच्या टोकाला अणकुची नाही. तिथे रबरी बूच किंवा चिंध्यांची गच्च बांधलेली गुंडी. पाखरं टिपायला पूर्वीचे शिकारीही बोथट बाण वापरत. आपल्याला तर पाखरूही टिपायचं नाही.

बाण सरळ जातो असं मी आत्ता म्हटलं, पण सुटताक्षणी तो सरळ नसतो. धनुष्याचा दांडा वाटेतच असतो. बाण मासोळीसारखा लवतो, दांड्याला वळसा घालतो आणि मग आपल्या रेषेवर येतो. वेगवान कॅमेऱ्यांनी काढलेल्या चित्रफितींत हे स्वच्छ दिसतं. फार ताठ बाण एका बाजूला भरकटतो, फार लवचीक दुसऱ्या बाजूला. धनुष्याच्या ताकदीला साजेल एवढाच लवणारा बाण नेमावर पोहोचतो.

आता नियम, आणि यात सूट नाही. बाण लावल्याशिवाय दोरी ओढून सोडायची नाही. बाणात जाणारा सगळा जोर उलटा बांबूत शिरतो आणि बांबू फुटतो. माणूस, कुत्रं, मांजर, पाखरू यांच्याकडे धनुष्य रोखायचं नाही, गमतीतसुद्धा. आकाशात बाण सोडायचा नाही. सगळे एका रेघेच्या मागे उभे राहतील आणि सगळ्यांचे बाण संपल्याशिवाय कुणी पुढे जाणार नाही. निशाण म्हणजे कडबा भरलेलं पोतं, आणि पोत्यामागे भिंत किंवा मातीचा ढीग. बाणाचं टोक बोथट असलं तरी डोळा नाजूक असतो. मोठं माणूस जवळ हवंच. डाव्या हातावर जुना मोजा चढवावा, दोरीचा फटका बसत नाही.

याला आपण शिस्त म्हणतो. हा शब्द कुठून आला माहीत आहे? फारसीत 'शस्त' म्हणजे अंगठा, आणि दोरी ओढताना तिरंदाज अंगठ्यात जी अंगठी घालतात तीही शस्त. त्यावरून नेम धरणं म्हणजे शिस्त धरणं. जुन्या मराठीत बंदुकीचीसुद्धा शिस्त धरत असत. नंतर नेम मागे राहिला आणि वळण तेवढं उरलं. म्हणजे आपली शिस्त अंगठ्यातून आली आहे. आणि आपल्याच महाभारतात एका मुलाचा अंगठा गुरुदक्षिणा म्हणून मागून घेतला गेला. भिल्लांमधले कित्येक तिरंदाज अंगठा न लावता पहिल्या दोन बोटांनी दोरी ओढतात आणि ती एकलव्याची आठवण आहे, असं सांगितलं जातं. मुलांपुढे शिस्त हा शब्द काढताना मला दर वेळी तो अंगठा दिसतो.

एका शिबिरात तिसऱ्या दिवशी एका मुलाचे वडील आले. शांतपणे म्हणाले, "आमचा मुलगा इथे हत्यारं करायला शिकतोय म्हणे?"

मी म्हटलं, "तीरकमठा करतोय. दसऱ्याला मुलं करतात तोच."

त्यांनी माझं नाव विचारलं. पहिल्या दिवशी सगळ्यांनी ओळख करून दिली होती, तरी विचारलं. मी सांगितलं. ते म्हणाले, "नाही, त्याचा गणिताचा क्लास सुरू होतोय उद्यापासून." आणि मुलाला घेऊन गेले. ते रागावले नव्हते, आवाजही चढला नव्हता. म्हणूनच ते जास्त लक्षात राहिलं.

आयोजक मंडळी भली, पण धास्तावली. कुणी म्हणालं, "काका, आपण त्यापेक्षा कागदी आकाशकंदील करू या का?" मी म्हटलं, "करू की. पण आधी एक दिवस पालकांना बोलवा. त्यांनी मुलांशेजारी बसावं आणि स्वतः पट्टी तासावी." दुसऱ्या दिवशी सात-आठ पालक आले. एक आजीही आल्या. घंटाभरात सगळे मान खाली घालून पोट तासत होते आणि एकमेकांना "तिथे नको, इथे तास" असं सांगत होते. एकानं मला विचारलं, याचा पुढे उपयोग काय? मी लिंबाराम यांचं नाव घेतलं. राजस्थानच्या आदिवासी पाड्यातला हा मुलगा बांबूच्या धनुष्यावर हात बसवून तीन ऑलिंपिकमध्ये देशाकडून खेळला. २०२३ साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी वैयक्तिक सुवर्णपदकं आणली, तेही सांगितलं. त्यांची धनुष्यं कप्प्यांची, यंत्रासारखी. पण भुजा तिथेही सारख्याच वाकाव्या लागतात.

त्या मुलाची पट्टी मात्र माझ्याकडे राहिली. पेन्सिलीनं तिच्यावर त्यानं आपलं नाव लिहिलं आहे. मुठीची जागा आखून झाली आहे, एक भुजा तासून झाली आहे, दुसरी राहिली आहे. १९९१ साली आल्प्स पर्वतात, ऑस्ट्रिया आणि इटलीच्या सीमेवर, बर्फात एका माणसाचं शव सापडलं. सुमारे ५३०० वर्षांपूर्वीचा हा माणूस. त्याच्यापाशी यू नावाच्या झाडाचं, सहा फुटी धनुष्य होतं, तेही अपुरं. तासल्याच्या खुणा त्यावर अजून दिसतात. दोरी चढलेलीच नव्हती. भात्यात चौदा बाण, त्यातले दोनच पूर्ण झालेले. त्याच्या स्वतःच्या खांद्यात दुसऱ्या कुणाच्या बाणाचं टोक रुतलेलं होतं, हे २००१ मध्ये तपासणीत दिसून आलं. अपुऱ्या धनुष्याचं एवढं जुनं उदाहरण मला दुसरं ठाऊक नाही. मुलाचं धनुष्य अपुरं राहायचं कारण त्याच्याइतकं भयंकर नसावं, एवढीच इच्छा. ती पट्टी मी तासून पुरी करत नाही. ज्याचं धनुष्य त्यानंच तासायचं, असा आमचा नियम आहे. बांबू सावलीत नीट ठेवला तर वर्षानुवर्षं टिकतो. तो मुलगा कधीही येऊ शकतो.

शेवटी एकच सांगतो. खेळ झाला की दोरी उतरवून ठेवायची. चढवलेली दोरी तशीच राहिली तर बांबू हळूहळू त्या बाकातच मुरतो आणि त्याचा जोर जातो. इजिप्तच्या अमासिस राजाची गोष्ट हेरोडोटसनं लिहून ठेवली आहे. राजा सकाळी कारभार पाही आणि नंतर मित्रांत थट्टामस्करी करत बसे. लोकांनी नावं ठेवली, तेव्हा त्यानं धनुष्याचाच दाखला दिला. सदैव चढवलेलं धनुष्य मोडतं आणि ऐन वेळी कामाला येत नाही. आपल्या मुलांची धनुष्यं हल्ली पहाटेच्या क्लासपासून रात्रीच्या गृहपाठापर्यंत चढवलेलीच असतात. आपली मनंही तशीच, सदानकदा कुणावर तरी रोखलेली.

येत्या सुट्टीत एखादा जून बांबू मिळवा. घरातलं मूल सोबत घ्या, शेजारचंही घ्या, मग ते कुणाच्याही घरचं असो. दोन दिवस तासा, ओढा, मागे सरून बघा. आणि संध्याकाळी खेळ आटोपला की आठवणीनं दोरी उतरवा.